सातव्या ड्रममधले धने

आमच्या मधल्या खोलीत सात ड्रम आहेत. निळे, प्लास्टिकचे, झाकणाला लोखंडी पट्टी असलेले. पहिल्या दोनांत तूर, तिसऱ्यात हरभरा, चौथ्यात जवस, पाचव्यात उकडून वाळवलेली हळद, सहाव्यात अंबाडीचा वाळलेला पाला दाबून भरलेला आणि सातव्यात धने. वर वाशाला लसणाच्या एकोणचाळीस जुड्या टांगलेल्या. भिंतीला टेकून लाल मिरचीची दोन पोती. तेलाच्या चार रिकाम्या डब्यांत वांगी, गवार, भेंडी आणि कारली, चारही चिरून कडक उन्हात वाळवलेली. या खोलीत ओली म्हणावी अशी वस्तू एकच, पाण्याचा माठ, आणि तोही बाहेर पडवीत न्यावा असं बाबांचं मत आहे.

हे सगळं मी २०२४च्या पोळ्यानंतर मोजलं. अमरावतीला वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करून घरी आले होते, कुठल्या तरी कॉलेजात तासिका तत्त्वावर जागा निघायची वाट बघत होते, आणि मोजण्यासारखं घरात दुसरं काही नव्हतं.

आमचा मळा अकोल्यापासून चौदा किलोमीटरवर आहे. २०२०च्या मार्चपर्यंत या घरात ड्रम नव्हते. बाबांना, म्हणजे खुशालरावांना, लोक पालेभाजीसाठी ओळखत. मेथी, पालक, चवळई, आणि सगळ्यात जास्त सांबार. पुण्याकडचे लोक सांबाराला कोथिंबीर म्हणतात. बाबा पिकवायचे आणि आई, माणिकबाई, पहाटेच्या गाडीने अकोल्याच्या बाजारात नेऊन विकायची.

त्या मार्चमध्ये सांबाराचे बावीस वाफे काढणीला आले होते. बाजार बंद झाला. मग दोन तासांसाठी उघडला, पण हॉटेलं बंद, लग्नं बंद, खानावळी बंद. एक गड्डी घेणारी बाई अर्धी मागायला लागली. मग बाजार पुन्हा बंद झाला. बाबांनी आधी गावात वाटला, मग नातेवाइकांना पाठवला, मग गाईपुढे टाकला. चौथ्या दिवशी गाईनेही तोंड फिरवलं. एप्रिलमध्ये बावीसच्या बावीस वाफे पांढऱ्या फुलांनी भरून गेले. मधमाश्या सोडल्या तर कोणी आलं नाही. मे महिन्यात त्याचे धने झाले. हात रिकामे राहवेनात म्हणून बाबांनी ते कापले, झोडपले, वाळवले आणि पहिला निळा ड्रम आणून त्यात भरले.

पुढे बाजार सुरू झाला, लग्नं सुरू झाली, हॉटेलंही सुरू झाली. बाबांचा सांबार मात्र सुरू झाला नाही. जे वाळत नाही ते लावायचं नाही, असा त्यांनी नियम केला. हळद, लसूण, मिरची, तूर. व्यापारी एकदा येतो, एकदाच सगळं घेऊन जातो. एक-एक करून ड्रम वाढत गेले आणि धन्यांचा ड्रम सरकत सरकत सातव्या जागी गेला.

असं एकट्या आमच्याच घरी झालं म्हणावं तर तसंही नाही. आमच्या गल्लीत आता एका धंद्यावर कोणी राहत नाही. ओमप्रकाश ऑटो चालवतो आणि त्याच ऑटोत मागच्या सीटखाली अंडी ठेवतो. प्रवाशाला उतरवताना 'अंडे होना क्या?' विचारतो. समोरचा टेलर झेरॉक्स काढतो. शिकवणी घेणाऱ्या ताई निंबाचं लोणचं विकतात. पूर्वी सोयरीक बघताना 'मुलगा काय करतो?' विचारायचे, आता 'आणखी काय करतो?' हेही विचारतात. माझं स्वतःचं बीएस्सीच्या शेवटच्या दोन वर्षांचं प्रॅक्टिकल फोनवर झालं. सरांनी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला मोबाइल लावून कांद्याच्या पेशी दाखवल्या आणि आम्ही त्या वहीत काढल्या. त्यामुळे हाताने करून बघण्यासारखं काही समोर आलं की मला आवरत नाही.

आईच्या वाट्याला मिठाचं पाणी आलं. बाहेरून घरात आलेली वस्तू मिठाच्या पाण्यात बुडवायची ही सवय तिला त्या वर्षी लागली ती सुटली नाही. भाजी बुडवते हे ठीक आहे. मी एमएस्सी पास झाले तेव्हा मामाने आणलेले पेढे तिने खोक्यासकट बुडवले होते.

पण आईचं खरं दुखणं बाजार होता. माझ्या जन्माच्या आधीपासून ती तिथे बसत होती. तिच्या ओळखीची गिऱ्हाइकं तिथे, मैत्रिणी तिथे, भांडणं तिथे. बाजार सुटल्यावर तिचं बोलणं कमी झालं असं नाही, पण ऐकणारे आम्ही दोघंच उरलो, आणि बाबा तर ऐकतच नाहीत.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात ती मला घेऊन अकोल्याला गेली. काम काही नव्हतं. महिन्यातून एकदा ती जाते, आपल्या जागेवर थोडा वेळ बसते आणि परत येते. ओमप्रकाशच्या ऑटोत आम्ही दोघी आणि अंड्यांचे सहा ट्रे होतो.

बाजारात पिंपळाच्या बाजूने जी रांग लागते ती स्वतःच्या मळ्यातली पालेभाजी विकणाऱ्या बायांची. तिथे नियम लिहिलेले नाहीत, पण दोन नियम कोणी मोडत नाही. दलालाकडून माल घेऊन त्या रांगेत बसायचं नाही. आणि एखादी आजारी पडली, बाळंत झाली, तर शेजारणीने तिची जागा धरून ठेवायची. आईची जागा गंगूबाईने धरली होती. गंगूबाई आईपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी, आवाज रांगेच्या दोन्ही टोकांना पोचेल असा. साडेचार वर्षं ती आपल्या पालकाच्या ढिगामागे डावा पाय मुडपून आणि उजवा पाय आईच्या जागेवर लांब करून बसत आली होती.

"ये वं मानके," ती म्हणाली. "बस. हा पाय तुहाच हाय."

पाय बाजूला झाला, आई बसली. चहा आला. कोणाच्या सुनेचं, कोणाच्या गुडघ्याचं सगळं बोलून झालं. मग गंगूबाईने आवाज खाली आणला. खाली म्हणजे चार बायांना ऐकू जाईल इतका.

"मानके, एक सांगते, राग नको धरू. दिवाळीले माही सून बसाले येते. पोरगं तिचं बालवाडीत जाते आता. तिले कुठं बसवू?"

"पलीकडच्या टोकाले बसव ना."

"तिथं नळ हाय. सारा चिखल."

"मंग?"

"मंग काय? दिवाळीच्या आंदी तू घरचा माल घेऊन बसली त बस. मी सुनेले चिखलात बसवीन, तिची सासू हाय मी. पन तू नाई बसली त मले बोल लावू नको. लोकं मले म्हनतात, गंगे, तू आता दोन जाग्याची मालकीन झाली का?"

ओमप्रकाश चहाचा कप परत द्यायला आला होता. तो म्हणाला, "काकू, उसमें क्या है? पलीकडून दलालाचा माल उचला आन बसा ना उद्यापासूनच."

सगळ्या रांगेने एकदम त्याच्याकडे पाहिलं. "याले इथून हाकला रे कोनी!" गंगूबाई ओरडली. "अंडेवाला आम्हाले भाजी इकाले शिकवून राहिला!"

परतीच्या वाटेवर आई बोटांवर दिवाळीपर्यंतचे आठवडे मोजत होती. मूर्तिजापूर रोडचं फाटक लागलं, गाडी जाईपर्यंत थांबलो, तरी तिचं मोजणं चालूच होतं. ओमप्रकाशने दोनदा आरशातून पाहिलं.

जेवायला वरण, भाकरी आणि वाळलेल्या वांग्याची भाजी होती. बाबांनी पहिला घास घेतला तेव्हा आई म्हणाली, "अवो, दोन वाफे सांबाराचे टाका."

"काहून?"

आईने गंगूबाईचं सगळं सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि भाकरीचा दुसरा तुकडा मोडला.

"सडनारं आपल्या वावरात लावाचं नाई."

"दोन वाफे म्हनते मी."

"दोन काय, बावीस काय."

"आता बाजार सुरू हाय."

"बंद झाला त्याच्या आदल्या दिवशीबी सुरूच होता."

मग बाबांनी आणखी एक कारण दिलं. त्याआधीच थांबले असते तर विषय संपला असता.

"आन बियानं कुठं हाय? इकत आनून सडवू का?"

"घरचं हाय. सातव्या ड्रमात."

"ते?" बाबा हसले. "ते मेलं असन कवाच. मसाला कर म्हनतो त तू आयकत नाई."

"दरसाल उन दाखवते मी त्याले. जितं असन त?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "गीते, तू हेच शिकली ना? उगवन पाहाची?"

"हाव."

"मंग पाह्य. शंभरातले साठ उगवले त दोन वाफे टाकतो. एकोनसाठ उगवले त मसाला. आन मंग जागा गंगीच्या सुनेले देऊन टाकाची, पुन्हा हा इषय घरात काढाचा नाई."

"चालन," आई म्हणाली, मी काही बोलायच्या आत.

गोणपाटावरची उगवण चाचणी आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. पेरणीच्या आधी सोयाबीनसाठी घरोघरी करतात. ओलं गोणपाट पसरायचं, दहा-दहाच्या दहा ओळींत दाणे मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट, हलकी गुंडाळी, सावलीत ठेवून पाणी शिंपडायचं. धन्यांची एक गंमत अशी की एक धना म्हणजे दोन बिया असतात. पेरायच्या आधी ते विटेने हलकेच रगडून दोन फाका करतात. मी फाका मोजल्या, शंभर. मेलेल्या दिसणाऱ्या टाकल्या नाहीत आणि टपोऱ्या निवडल्या नाहीत. डोळे मिटून मूठ भरली आणि त्यातल्या पहिल्या शंभर घेतल्या. बाबा शेजारी उभे राहून हे बघत होते.

"डोये काहून मिटले?"

"निवडल्या जाऊ नये म्हनून."

"बेइमानी कराची नाई म्हनून डोये मिटाले सांगतात का कॉलेजात?"

"हाव बाबा, तेच सांगतात."

गोणपाटाच्या एका कोपऱ्यात मी मुगाचे वीस दाणेही ठेवले. धन्याशी मुगाचं काही घेणं नव्हतं. पण पाणी, हवा, ऊब ठीक आहे की नाही हे कळायला शेजारी असं काही तरी ठेवावं लागतं, ज्याची उगवण आधीच माहीत आहे. गोणपाट नवं होतं, अकोल्याच्या धान्य दुकानातून आणलेलं. मी मांडायला बसले तेव्हा आईने ते आधीच भिजवून, पिळून तयार ठेवलं होतं. मी तिला शाबासकी दिली.

धन्याला कोंब यायला मुगापेक्षा बराच वेळ लागतो. मधे उघडलं तर वाळतं, म्हणून मी सगळ्यांना हात लावायला बंदी केली आणि स्वतःही पाळली. दहाव्या दिवशी सकाळी पडवीत गुंडाळी उघडली. बाबा उकिडवे बसले, आई उभीच राहिली.

पहिल्या ओळीत काही नाही. दुसरीत एक. तिसरी, चौथी, पाचवी रिकामी. बाबा बोट ठेवत ठेवत मोजत होते. शेवटी त्यांनी बोट उचललं.

"तीन."

मी पुन्हा मोजले. तीनच होते.

"सांगतलं होतं मी," बाबा म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

"हाव," आई म्हणाली. "तुमी सांगतलं होतं. उद्या गंगीले निरोप देते." आणि ती आत गेली. भांडी घासल्याचा आवाज आला. भांडी आधीच घासलेली होती.

त्या दुपारी बाबांनी एकच भाकरी खाल्ली. पंप सुरू केला, बंद केला, पुन्हा सुरू केला. मी ओट्यावर बसले होते तर येऊन म्हणाले, "तीन म्हनजे अगदीच कमी झाले ना वं?" मी म्हटलं, "तुम्ही जिंकले ना बाबा." ते म्हणाले, "त्याच्यात काय जिंकाचं हाय?" आणि कडूनिंबाच्या फांद्या तोडायला गेले. फांद्या तोडायची काहीच गरज नव्हती.

गोणपाट धुऊन ठेवावं म्हणून मी ते उलगडलं तेव्हा सकाळी दुमडलेला राहिलेला कोपरा समोर आला. मुगाचे वीस दाणे तिथे होते. जसे ठेवले होते तसेच. फुगले होते थोडे, पण कोंब एकालाही नव्हता.

मी ते गोणपाट तसंच उचलून बाबांकडे नेलं. ते झाडावरून खाली बघत होते.

"बाबा, मूग फुटला नाई."

"किती नाई फुटला?"

"एकबी नाई."

ते खाली उतरले. दाणा बोटांत धरून पाहिला. "मूग त ओल्या खिशात राह्यला तरी फुटते," ते म्हणाले. "मंग बियाचं काय सांगते? हे गोनपाटच खराब हाय." त्यांनी गोणपाट उन्हाकडे धरलं. वाळलेल्या कडेने पांढरी रेघ उमटली होती, विहिरीच्या काठावर क्षारांची उमटते तशी. मी बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं.

"खारट."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग दोघांनीही घराकडे.

"माय!" मी ओरडले. "गोनपाट मिठाच्या पान्यात भिजवलं का तू?"

आई दारात आली, पदराला हात पुसत. "मंग? बाहेरून आलं होतं ना ते. दुकानात कोन-कोन हात लावते त्याले."

"किती मीठ टाकलं?"

"दोन मुठी. नवं होतं म्हनून जास्तीचं टाकलं."

बाबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग ते झाडाच्या बुंध्याला धरून खाली बसले. मी त्यांना असं हसताना बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. "सोताच्याच बियाले लोनचं घातलं वं तू!" ते म्हणाले. "शंभराचे शंभर! मुगासकट!"

आईला कळायला दोन क्षण लागले. कळल्यावर तिचा चेहरा पडला, आणि लगेच लाल झाला.

"हसा, हसा," ती म्हणाली. "तुमी साडेचार वर्सं वावरात काही ओलं लावत नाई ते शानपन, आन मी एक गोनपाट धुतलं त येडी!"

बाबांचं हसू थांबलं. पुरतं नाही, पण थांबलं.

"दुसऱ्यांदा लाव," ते मला म्हणाले. "या डावाले काही अर्थ नाई."

दुसरं गोणपाट बाबांनीच आणलं, गव्हाचं जुनं. विहिरीवर नेऊन तीन पाण्यांतून काढलं आणि आईला सांगितलं की तिने या बाजूला फिरकायचंसुद्धा नाही. मी पुन्हा डोळे मिटून शंभर फाका घेतल्या, पुन्हा वीस मूग. या वेळी मूग वेगळ्या पुरचुंडीत ठेवले, म्हणजे धन्यांना न उघडता बघता येतील. तिसऱ्या दिवशी सगळे मूग फुटलेले होते. गोणपाट ठीक होतं.

बंदी मात्र यावेळी पाळली गेली नाही. एकदा मी सकाळी पडवीत आले तर बाबा गुंडाळीपाशी वाकलेले.

"काय करून राहिले बाबा?"

"मूग पाहून राहिलो."

"मूग पलीकडच्या पुरचुंडीत हाय."

"मले काय मालूम!" असं म्हणून ते शेताकडे गेले.

त्याच आठवड्यात पाऊस आला. दोन दिवस धरून पडला, तिसऱ्या दिवशी उघडला आणि कडक ऊन पडलं. काळ्या मातीत पाऊस झाला की लगेच पाय टाकता येत नाही. पायाला पायाएवढा चिखल चिकटतो. मग ऊन-वारा लागतो आणि मधे एक-दोन दिवस असे येतात की माती ना चिकटते ना ढेकळं होते, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टिचकी मारली की फुटतो. त्याला वाफसा म्हणतात. गेला की पुन्हा पावसाची नाही तर ओलिताची वाट बघायची.

मी कॅलेंडर काढून बघितलं होतं. सांबाराला आमच्याकडे पस्तीस ते चाळीस दिवस लागतात. पहिली चाचणी वाया गेली होती, दुसरीची मोजणी दोन दिवसांवर होती, आणि दिवाळीपर्यंतचा हिशेब अगदी काठावर आला होता. हे मी आईला सांगितलं. तिने 'बरं' म्हटलं आणि निरोप आणखी चार दिवस लांबवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बाबा नव्हते. सातव्या ड्रमची लोखंडी पट्टी उघडी होती. मी विहिरीकडच्या तुकड्यात गेले. तिथे गेल्या उन्हाळ्यात हळदीचे गड्डे पसरले होते. नंतर ती जागा रिकामीच होती. आता तिथे वाफ्यांचे नवे मेर, म्हणजे मातीचे छोटे बांध, ओढलेले दिसले, दोरी लावल्यासारखे सरळ. बाबा शेवटच्या वाफ्यात खाली बसून हाताने माती सारखी करत होते. बाजूला वीट, सूप, आणि सुपाच्या तळाला धन्यांच्या फुटक्या फाका.

"बाबा, मोजनी उद्या हाय."

"तुही मोजनी उद्या हाय," ते मान वर न करता म्हणाले. "वाफसा आज हाय."

"साठ नाई झाले त?"

"जरा दाट टाकलं."

मी वाफे मोजले. "दोन म्हनाले होते तुम्ही."

"हाव."

"हे चार हाय."

"सुपात बी उरलं होतं. परत ड्रमात काय टाकाचं?"

मग त्यांनी हात झटकले आणि उठले. गुडघ्याला माती लागलेली होती. चारही वाफ्यांवर एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "गिऱ्हाइकानं नाई घेतलं त आपन खाऊ. वांग्याच्या त्या वाळल्या फोडी मलेबी आता जात नाई घशाखाली. तुह्या मायले सांगू नको, मी म्हनलो म्हनून."

तिला सांगायची गरज पडली नाही. ती बाबांचा चहा घेऊन मागे उभी होती. तिने वाफे पाहिले, मेर पाहिले, सूप पाहिलं. पेला बाबांच्या हातात दिला.

"पान्याले वाट ठेवली नाई त्या कोपऱ्यात," ती म्हणाली. "पाऊस आला त सारं बी वाहून जाईन."

"ठेवतो."

"आताच ठेवा. मंग इसरता."

बाबांनी पेला मेरावर ठेवला आणि फावड्याने कोपरा फोडला. आई तिथेच उभी राहून तो नीट फुटतो की नाही ते बघत राहिली. परत येताना ती पुढे आणि मी मागे. पाऊलवाटेवर ती इतक्या भराभर चालत होती की मला गाठता येईना. घरी न जाता ती सरळ गल्लीत ओमप्रकाशच्या दाराशी गेली. तो दाढी करत होता, अर्ध्या गालाला फेस.

"ओम्या, उद्या पहाटे अकोल्याले नेजो मले."

"काय काम काढलं काकू?"

"गंगीले सांगाचं हाय, सुनेसाठी नळापाशी दोन पाट्या मुरूम टाकून घे म्हनून."

"आन तुमचा माल?"

"माल दिवाळीच्या आंदी येते. घरचा हाय." मग तिला काही तरी आठवलं. "आन अंडे मागं ठेवजो. माह्या पायाजवळ नको."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. बाबा विहिरीवर होते. मी उठले तेव्हा पंपाचा आवाज येत होता. पडवीत ऊन यायच्या आत मी गुंडाळी उघडली. मूळ ज्यांचं फाकेपेक्षा लांब आहे तेवढेच धरायचे, नुसते फुगलेले किंवा वाकडे आलेले धरायचे नाहीत, असं ठरवून एक-एक ओळ मोजली. मग उलट्या बाजूने पुन्हा मोजली. दोन्ही वेळा आकडा सारखा आला.

मूग वीसपैकी वीस. धने शंभरपैकी चौपन्न.